रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतंच

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत मॅडम, मग नाटक करतोय का हा?" जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की हा प्रश्न माझ्याकडे येतो, दिवाळीची सुट्टी संपली की पुन्हा. सकाळी सातला पोटात कळा आणि मळमळ, दहाला तेच पोर पोहे मागून खातं. रविवारी काहीच नाही.

नववीतला एक मुलगा, त्याला निखिल म्हणू (नाव, तपशील बदलले आहेत). आजीने बेंबीला हिंग लावून झाला होता, सोनोग्राफी झाली होती. बाबा ओरडायचे, "सोंगं बंद कर!" आई म्हणायची, "आजच्या दिवस राहू दे हो." दोघांची जुंपायची आणि तेवढ्यात शाळेची बस निघून जायची.

पहिल्याच भेटीत मी बाबांसमोर निखिलला सांगितलं, "तुझं पोट खरंच दुखतं." भीतीने शरीरात ॲड्रेनलिन वाढतं, पोटाकडचा रक्तपुरवठा कमी होतो, आतड्यांच्या हालचाली बिघडतात. सोनोग्राफीत हे दिसत नाही. निखिलने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. डॉक्टर 'काही नाही' म्हणाले होते, त्याने ऐकलं होतं 'तू खोटारडा आहेस'.

भीती कशाची, ते पुढे हळूहळू कळलं. हिंदीच्या तासाला धडा वाचताना त्याचा आवाज कापला होता आणि मागच्या बाकावरून कुणीतरी नक्कल केली होती.

"परत तसं झालं तर?"

"सगळे हसतील."

"हसले तर?"

"मग संपलंच!"

इथे माझं काम सुरू होतं. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या पठडीतली. घडलेल्या गोष्टीपेक्षा तिच्यावरून आपण काढलेला निष्कर्ष जास्त छळतो, असं मानणारी. पण नववीतल्या मुलाला तत्त्वज्ञान काय सांगणार? त्याला एलिसचाच किस्सा सांगितला. एकोणिसाव्या वर्षी तो मुलींशी बोलायला घाबरायचा. म्हणून न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात जाऊन शंभरेक अनोळखी स्त्रियांशी ठरवून बोलला.

"एक तरी पटली का?"

"एकीने भेटायचं कबूल केलं. आलीच नाही."

निखिल खो-खो हसला. मग स्वतःच म्हणाला, "म्हणजे शंभर वेळा पोपट झाला, तरी त्याला काही झालं नाही."

मी गप्प बसले. असं वाक्य मुलाच्या तोंडी घालून उपयोग नसतो, ते येईपर्यंत थांबावं लागतं. एवढ्या वर्षांत हे थांबणं मला जमलंय, असं म्हणायला हरकत नाही.

तोवर तो मधल्या सुट्टीनंतर शाळेत जायला लागला होता, वर्गशिक्षिकेशी बोलून तशी सोय केली होती. पुढचा प्रयोग त्यानेच सुचवला, वाचताना एक शब्द मुद्दाम चुकायचा. चुकला. वर्गातले दोघं हसले, बाई म्हणाल्या "पुढे वाच", आणि तास चालू राहिला. हे सांगताना त्याचा चेहरा बघायला हवा होता!

आता घरच्यांसाठी. घरी राहिलं की त्या दिवशी सुटल्यासारखं वाटतं, पण उद्याची भीती वाढते. ओरडल्यानेही वाढते. निखिलच्या आईबाबांना मी एकच वाक्य दोघांनी म्हणायला सांगितलं, "दुखतंय हे मान्य, तरी जाऊया." उठल्याउठल्या "आज कसंय पोट?" विचारायचं नाही. राहिलाच घरी, तर मोबाइल-टीव्ही बंद.

दुखण्याने रात्री झोपमोड होत असेल, वजन घटत असेल, ताप येत असेल तर मात्र आधी डॉक्टर. आणि मूल दोन आठवड्यांहून जास्त चिडचिडं असेल, मित्र, खेळ, जेवण सगळ्यातून मन उडालं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. या वयात ते रडण्यापेक्षा रागातून जास्त दिसतं. "मरून जावंसं वाटतं का?" असं सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

"शाळाच बदलू का?" हेही बरेच जण विचारतात. मारहाण होत असेल, छळ होत असेल आणि शाळा दाद देत नसेल, तर जरूर बदला. निखिलच्या नव्या शाळेतही हिंदीचा तास असताच.