वाटसरूंचे प्रश्न: आधी ओहोटी बघा, मग तिकीट काढा

गेल्या अंकात दक्षिण आफ्रिकेतल्या त्सित्सिकामाच्या जंगलाबद्दल चार ओळी काय टाकल्या, प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: देशाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे नॅशनल पार्क 1964 चं, आफ्रिकेतलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान, आणि 2009 पासून ते गार्डन रूट नॅशनल पार्कचा भाग झालंय. एका बाजूला हिंदी महासागर, दुसऱ्या बाजूला घनदाट जंगल, मध्ये कडे, आणि ते कडे चिरत समुद्राला मिळणाऱ्या नद्या. याच किनाऱ्यानं जाणारी पाच दिवसांची पायवाट म्हणजे ऑटर ट्रेल. निवडक पत्रांना उत्तरं देतोय, बाकीच्यांनी राग मानू नये.

आमचा ग्रुप दरवर्षी जुलैत पन्हाळा-पावनखिंड करतो. ऑटर ट्रेल डायरेक्ट जमेल का? – राजारामपुरीतून एक वाचक

दादा, पायाचं म्हणाल तर जमेल. म्हसाईच्या पठारावर पावसात आणि चिखलात जे चालतात त्यांना दिवसाला सात-आठ किलोमीटर म्हणजे काही विशेष नाही, फक्त पाठीवर पाच दिवसांचं सामान असणार हे लक्षात घ्या. एकूण साधारण 45 किलोमीटर, पाच दिवस आणि चार रात्री, स्टॉर्म्स रिव्हर माउथपासून नेचर्स व्हॅलीपर्यंत, एकाच दिशेनं. पण पावनखिंडीच्या वाटेवर शेकडो माणसं असतात, करपेवाडीत कुणीतरी चहा देतं, भाकरी मिळते. इकडं दिवसाला फक्त बारा माणसांना सोडतात आणि वाटेत गाव नाही, दुकान नाही, मुक्कामाला लाकडी झोपड्या आहेत त्यात बंक आणि गाद्या, बाकी स्लीपिंग बॅगपासून मीठमसाल्यापर्यंत सगळं आपलं आपण. त्यामुळं पंधरा-वीस जणांचा ग्रुप असेल तर आताच भांडून घ्या कोण जाणार ते. बुकिंग तिथल्या राष्ट्रीय उद्यानांच्या खात्याकडं साधारण वर्षभर आधी उघडतं आणि भराभर संपतं, पण रद्द झालेल्या जागा अधूनमधून निघतात, दोघं-तिघंच असाल तर रोज बघत राहायचं. बारा वर्षांखालच्या पोरांना घेत नाहीत.

आता खरी गोष्ट. चौथा दिवस सगळ्यात लांब, जवळजवळ 14 किलोमीटर, आणि त्यातले पहिले दहाएक किलोमीटर संपले की ब्लाऊक्रान्स नदी आडवी येते. पूल नाही. म्हणजे पूल आहे, वर हायवेचा, 216 मीटर उंचीवर, लोक त्याच्यावरून बंजी जंपिंग करतात, त्याचा तुम्हाला खाली उपयोग शून्य. नदी समुद्राला मिळते तिथंच ती पायी ओलांडायची, आणि ते फक्त ओहोटीला. भरतीच्या वेळी तिथं लाटा आत घुसतात आणि दोन्ही बाजूंना खडक, कुणी कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी पाठीवर सॅक घेऊन तिथं शहाणपणा करायचा नाही. आपल्याकडं पंचगंगेत उड्या मारून वाढलेली पोरं असतात, त्यांना हे दोनदा सांगा. नदीचा पूर आणि समुद्राची लाट ही दोन वेगळी जनावरं आहेत, पूर एकाच दिशेनं ओढतो, लाट आत ढकलते आणि परत बाहेर खेचते.

म्हणून तारीख ठरवतानाच त्या दिवसाची ओहोटी किती वाजता ते बघायचं. कोकणातल्या लोकांचा हिशेब तुम्हाला माहीत असेल, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. हा हिशेब आपल्या किनाऱ्याचा, तो तिकडं लावायला जाऊ नका. तिकडं अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला येते आणि मग रोज साधारण 50 मिनिटं पुढं सरकते. ही उधाणाची ओहोटी सगळ्यात खाली जाते म्हणून नदी ओलांडायला उत्तम, पण त्यासाठी मागच्या मुक्कामावरून पहाटे अंधारात, टॉर्च लावून निघावं लागतं कारण दहा किलोमीटर चढउताराचे आहेत. अष्टमीच्या आसपास गेलात तर ओहोटी दुपारी येते, झोप पूर्ण होते, पण पाणी तेवढं उतरत नाही, कमरेपर्यंत किंवा त्याच्याही वर येऊ शकतं. मला विचाराल तर मी अंधारात उठीन. सामान वॉटरप्रूफ पिशवीत घालून सॅक तरंगवत न्यायची तयारी दोन्ही वेळेला ठेवायचीच, आणि एक लांब दोरी. पाणी जास्त वाटलं तर वर चढून बाहेर पडायच्या वाटा आहेत, खुणा केलेल्या, त्या घ्यायला लाजू नका.

मुलगा जोहान्सबर्गला आहे, आम्ही दोघं साठीच्या पुढं, ह्यांचा गुडघा दुखतो. नुसतं बघून यायला तरी जावं का? – नागाळा पार्कमधून एक काकू

काकू, नक्की जा, आणि ऑटर ट्रेलवाल्यांचा अजिबात हेवा करू नका. स्टॉर्म्स रिव्हर माउथला गाडी थेट समुद्राच्या काठापर्यंत जाते. तिथून झुलत्या पुलापर्यंत एक किलोमीटरसुद्धा नाही, बरीचशी वाट लाकडी फळ्यांची आहे, पायऱ्या मात्र आहेत, काकांना काठी द्या आणि सावकाश न्या. पूल 77 मीटर लांब, नदी जिथं घळीतून बाहेर पडून समुद्रात शिरते अगदी त्या तोंडावर, खाली बघितलं की एका बाजूला शांत काळं पाणी आणि दुसऱ्या बाजूला फेस. ज्यासाठी लोक पाच दिवस चालतात त्यातलं बरंचसं इथं एका जागी उभं राहून दिसतं, हे माझं मत, ट्रेकर मंडळी शिव्या घालतील. कॅम्पजवळ लोरी नावाची एक किलोमीटरची छोटी वाट जंगलातून जाते, ती पण करून बघा.

मुलगा-सून धडधाकट असतील तर त्यांना धबधब्यापर्यंत पाठवा. ऑटर ट्रेलचे पहिले तीनेक किलोमीटर दिवसाच्या पाहुण्यांना खुले असतात, धबधबा बघून परत यायचं. अंतर ऐकून फसू नका, मोठमोठ्या दगडांवरून उड्या मारत जायचंय, काकांनी तिकडं जाऊ नये. खाण्याचं बंद पिशवीत ठेवा, माकडं म्हणाल तर तिथं बबून आहेत आणि ते आपल्या जोतिबाच्या माकडांपेक्षा बरेच मोठे.

कधी जायचं? मे महिन्यात सुट्टी असते. – इचलकरंजीतून एक वाचक

ऋतू उलटे आहेत. आपला मे म्हणजे तिकडं थंडीची सुरुवात, आणि साडेपाचच्या सुमाराला अंधार पडायला लागतो. छोट्या वाटांना चालतं, मोठ्या ट्रेकला दिवस कमी पडतो. दिवाळीची सुट्टी सगळ्यात बरी, तेव्हा तिकडं वसंत, दिवस मोठा, नशीब असेल तर कड्यावरून व्हेल पण दिसतात. डिसेंबरात तिथल्या शाळांना सुट्टी असते, खोली मिळायची मारामार. पाऊस मात्र बारा महिने कधीही येतो, आपल्यासारखे चार महिने ठरलेले नाहीत, त्यामुळं रेनकोट न्यायचाच. विमानानं जॉर्जला किंवा पोर्ट एलिझाबेथला उतरा, त्याचं नाव आता ग्केबेरा झालंय, तिथून गाडीनं दोन-अडीच तास. गाडी डाव्या बाजूनंच चालवतात, तेवढं एक बरं आहे. व्हिसा आधी काढावा लागतो, तो हातात आल्याशिवाय विमानाचं पक्कं तिकीट काढू नका.

फोटोत नदीचं पाणी तपकिरी दिसतंय. प्रदूषण आहे का? – गडहिंग्लजहून कॉलेजचा एक विद्यार्थी

नाही रे. आपल्याला पाण्याचा रंग बदलला की आधी कारखाना आठवतो, त्यात तुझी चूक नाही. तिथल्या नद्या डोंगरातल्या झुडपांतून आणि जंगलातून येतात, पाला कुजून त्यातलं टॅनिन पाण्यात उतरतं आणि पाणी कोऱ्या चहासारखं होतं. खोल जागी तर काळंच दिसतं. ट्रेलवर हेच ओढ्याचं पाणी पितात, पण गोळी टाकून किंवा उकळून पी.

आणि तू दुसरं विचारलंयस की घळी एवढ्या अरुंद कशा. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये तिथं साधारण 200 मीटर उंचीचं सपाट पठार आहे. एके काळी समुद्राच्या लाटांनीच ते तासून सपाट केलं, मग समुद्राची पातळी त्या मानानं खाली गेली. नद्या छोट्या, पण खाली उतरायला अंतर कमी, म्हणून त्यांनी पठार उभं कापलं. दगड कठीण वाळूचा, सहज ढासळत नाही, त्यामुळं कडे उभेच राहिले. हायवेवरून जाताना सगळं सपाट वाटतं आणि अचानक पूल आला की खाली बघून पोटात गोळा येतो.

एवढा खर्च कोण करणार? आपल्याकडं असं काही नाही का? – कागलमधून एक वाचक

नदीची घळ आणि समुद्राचा कडा, दोन्ही एका जागी नाही. महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत, त्यातल्या एकातही नदीची घळ समुद्राच्या कड्याला जाऊन मिळत नाही, कारण आपला सह्याद्री समुद्रापासून लांब उभा आहे आणि मध्ये अख्खं कोकण आहे. आपल्या जवळचं चांदोली, 2004 ला राष्ट्रीय उद्यान झालं, 2010 पासून कोयना अभयारण्यासोबत सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. वारणेचं खोरं, पश्चिमेला कोकणात कोसळणारे कडे, सगळं आहे, पण वाघाचं जंगल, तिथं मन मानेल तसं पायी फिरता येत नाही, वनखात्याची परवानगी आणि त्यांनी आखलेली वाट एवढंच. आणि ते बरोबरच आहे.

कड्याखाली समुद्र हवा असेल तर आंबा घाट उतरून रत्नागिरीला जा, रत्नदुर्गाला तीन बाजूंनी समुद्र आहे, संध्याकाळी दीपगृहाच्या बाजूनं बघा. दगड वेगळा, जांभा, लाल आणि भोकाभोकांचा, कडेला भुसभुशीत असतो, म्हणून सेल्फीसाठी टोकाला जायचं नाही. पावसाळ्यात तर नाहीच नाही. सकाळी कागलहून निघालात तर दुपारी जेवायला मासे आणि रात्री उशिरा घरी, रजा काढायची पण गरज नाही.

बूट कोणते घ्यावेत? – कसबा बावड्यातून एक वाचक

नवे घेऊ नका. जे पायाला बसलेत तेच, तळवा धरणारे. नदी ओलांडायला जुनी मागं पट्टा असलेली सँडल सॅकच्या बाहेर अडकवा, अनवाणी जाऊ नका, खडकांवर कालवं असतात आणि ती ब्लेडसारखी लागतात.