"मला माहीत नाही" असं डॉक्टरने सांगावं का?

"मॅडम, कामातलं काही येत नसेल तर सांगावं का? विश्वास उडेल ना लोकांचा?" हे मला शिक्षक विचारतात, इंजिनियर विचारतात. गेल्या पावसाळ्यात एक तरुण डॉक्टर माझ्याकडे बोलायला आली होती तिचं सांगते, तिला विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

सिंधुदुर्गात पहिलीच नोकरी. तीन आठवडे झोप नव्हती. एका रात्री साप चावलेला माणूस आला, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, गुरं आणायला गेला होता, पाय घोट्यापासून सुजलेला, साप कोणी नीट बघितलेला नाही आणि सोबत आठ-दहा माणसं. त्यातले एक काका म्हणाले, "डॉक्टर, तुमका म्हायत नाय तर सांगा, आमी बांबोळीक न्हेतंव." बांबोळी म्हणजे गोव्यातलं मोठं सरकारी हॉस्पिटल. एवढं ऐकलं आणि ही ठासून बोलून गेली, "फुरसंच आहे." फुरसं हा विषारी साप, पण खरं तर कुठला साप ते तिला कळलेलं नव्हतं. रक्त गोठतंय का ते बघायची टेस्ट असते हे ठाऊक होतं, पण कशी लावायची ते आठवेना आणि सिस्टरना विचारायची लाज वाटली. सिस्टरनी न सांगताच काचेच्या ट्यूबमध्ये रक्त घेऊन ठेवलं होतं. 20 मिनिटांनी ट्यूब तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. मग सापाच्या विषावरची लस सुरू केली, माणूस वाचला, घरचे हिच्या पाया पडले आणि हिला तेच सहन होईना.

मी तिला एवढंच विचारलं, काकांना नक्की काय हवं होतं? बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पुढे न्यायचं की नाही, ते ठरवायचं होतं त्यांना." मला वाटतं तिथेच गाठ सुटली, कारण आपल्याला काय माहीत नाही हे कळण्यावर पेशंटचाही हक्क असतो, आपण ते आपली अब्रू म्हणून झाकून ठेवतो.

मग आम्ही वाक्य बसवलं. "कुठला साप ते आत्ता सांगता येत नाही, 20 मिनिटांत टेस्टवरून कळेल रक्तावर विषाचा परिणाम झालाय का, तोवर मी इथेच आहे." पहिल्यांदा म्हणताना तिचा आवाज अडकला, पाच-सहा वेळा म्हणून घेतलं.

डॉ. हिंमतराव बावस्करांचं पण सांगितलं. 1970 च्या दशकात महाडजवळ बिरवाडीला होते, विंचूदंशाने माणसं डोळ्यांदेखत जायची आणि शिकलेल्या उपायांनी गुण येत नव्हता. ते पेशंटच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले, 1982 मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने कितीतरी जीव वाचले, 2022 ला पद्मश्री मिळाली. ती म्हणाली, "ते मोठे, मी कोण?" म्हटलं, बिरवाडीला आले तेव्हा तेही नवे एमबीबीएसच होते गं.

दुसऱ्या दिवशी तिने सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, "नवी, कोरडी काचेचीच ट्यूब घ्या मॅडम, प्लास्टिक नको, साबणाने धुतलेली तर अजिबात नको, रिझल्ट चुकतो." हे तिने वहीत लिहिलं. दिवसभरात जे अडेल ते त्या वहीत टिपायचं आणि रात्री वाचून काढायचं असं ठरवलंय.

परवा फोन आला होता. सिस्टरना ईसीजी वाचायला शिकायचाय, त्यांनी स्वतःहून विचारलं, आता ओपीडी संपली की दोघी अर्धा तास बसतात.