वाचक विचारतात : चेन सारखी ढिली पडतीय

प्रश्न : शिरोलीच्या फाउंड्रीत आहे. सँड कन्व्हेयरच्या ड्राइव्हला एक इंची पिचची (म्हणजे दोन पिनांमधलं अंतर एक इंच) रोलर चेन आहे, दर शनिवारी वरनं ग्रीस थापतो तरी खडखडतीय, एक लिंक काढून टाकली तर चालंल का?

उत्तर : लिंक नंतर बघू, आधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवा आणि चेन ताणून १२ पिच मोजा, नवीन चेनला ३०४.८ मिमी भरतात, ३१४ च्या आसपास गेलं म्हणजे झिजून ३ टक्के लांबली, मग लिंक काढून उपयोग नाही, अख्खी चेन बदला. जुन्या चेनीत नवीन लिंका तर घालूच नका, पिच जुळत नाही. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्या दातेरी चाकावर फिरते त्याचे, दात हुकासारखे वाकले असतील तर तेपण बदला, नाहीतर नवी चेन लवकर खाणार.

आणि ते ग्रीस बंद करा राव! ते पिनापर्यंत पोचतच नाही, वर बसून वाळू तेवढी धरतं, मग पॉलिश पेपर लावल्यागत घासतंय सगळं. जॉइंटला तांबूस भुकटी दिसली की समजा आत तेल नाही. चेन साफ करून एसएई ३० (हा तेलाच्या जाडीचा नंबर) तेल खालच्या बाजूला, आतल्या अंगानं, प्लेटांच्या फटीत सोडा. कव्हर नसेल तर बसवाच.