‘किरमिजी’चे मूळ

‘किरमिजी’ म्हणजे नेमका कोणता रंग आणि हा शब्द संस्कृत ‘कृमिज’वरून आला आहे का, असा प्रश्न आहे. रंगाचे उत्तर सोपे आहे: किंचित निळसर झाक असलेला, गडद पण झळझळीत तांबडा. हल्ली मळकट तपकिरी छटेलाही किरमिजी म्हणतात. ते मला पटत नाही, कारण झळाळी हाच या रंगाचा विशेष आहे.

व्युत्पत्ती मात्र जपून पाहावी लागते. शब्दाच्या मुळाशी किडा आहे, याविषयी वाद नाही. भूमध्य समुद्राच्या परिसरातील एका खुरट्या ओक वृक्षावर हा किडा वाढतो. त्याची मादी फांदीला चिकटून अशी गोल फुगते की तिचे पाय दिसेनासे होतात. म्हणूनच ग्रीकांनी तिला ‘कोक्कोस’, म्हणजे दाणा, म्हटले. अशा माद्या खरवडून, वाळवून, कुटून त्यांचा रंग काढत आणि तुरटी दिलेल्या लोकरीवर किंवा रेशमावर चढवत. अरबीत या किड्याला ‘किर्मिझ’ म्हणतात; इंग्रजी ‘क्रिमझन’ त्याच घराण्यातला. सोळाव्या शतकात मेक्सिकोतील निवडुंगावरच्या किड्याचा अधिक दाट रंग युरोपात पोहोचला आणि जुना धंदा मागे पडला.

फारसी ‘किर्म’ आणि संस्कृत ‘कृमि’ ही एकाच मुळाची रूपे आहेत, आणि काही कोशकार ‘किर्मिझ’ थेट ‘कृमिज’पर्यंत नेतात. तथापि अमरकोशात ‘कृमिज’ हे अगरूचे, म्हणजे एका सुगंधी लाकडाचे, नाव आहे. लाखेसाठी तेथे लाक्षा, याव, अलक्त असे शब्द येतात, आणि ‘द्रुमामय’, म्हणजे झाडाचा रोग, हाही. (लाखेचा किडा फांदीवर कसा पुटाप्रमाणे चढतो हे पाहिलेल्याला हे नाव चपखल वाटेल.) म्हणजे किड्यापासून मिळणारा लाल रंग आपल्याकडेही होता, पण त्याचे मराठी नाव ‘अलक्त’वरून ‘अळता’ झाले. ‘किरमिजी’तील शेवटचा ‘ई’ गुलाबी, बदामी, आसमानी यांतल्यासारखा फारसी वळणाचा आहे. त्यामुळे ‘कृमि’शी नाते खरे असले, तरी मराठी शब्दाला ‘कृमिज’चा तद्भव न म्हणता फारसीमार्गे आलेला म्हणावे, असे माझे मत आहे.

वापरातही हे वळण टिकले आहे: तांबडा शेला, तांबडी साडी, तांबडे लुगडे असे विशेषण बदलते, किरमिजी मात्र तिन्ही लिंगांत किरमिजीच राहते.