फुप्फुसात घालतात ती दुर्बीण कोणी शोधली? वडिलांची ब्रॉन्कोस्कोपी करायची आहे, खूप दुखतं का?

तुमचे दोन्ही प्रश्न वाचले. एक्सरेमध्ये डाग आलाय, थुंकीत काही सापडलं नाही म्हणून डॉक्टरांनी दुर्बिणीतून तपासणी सांगितलीय आणि वडील घाबरलेत, बरोबर ना. मी नर्स आहे, ब्रॉन्कोस्कोपीच्या रूममध्ये अकरा वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दुखण्याचं सांगते, कारण रात्री झोप त्यानेच लागत नसणार. सुरी लावल्यासारखं दुखत नाही. नाकात आणि घशात बधिर करायच्या औषधाचा फवारा मारतात, तो भयंकर कडू असतो, मग घसा जड होतो आणि थुंकी गिळताच येत नाहीये असं वाटायला लागतं, तिथेच बरेच पेशंट घाबरतात. बहुतेक ठिकाणी शिरेतून थोडं झोपेचं औषध पण देतात. नळी स्वरयंत्र ओलांडून खाली जाते तेव्हा खोकल्याची जोरात उबळ येते, गुदमरल्यासारखं होतं, पण श्वास चालू असतो, नळीच्या बाजूने हवा जायला जागा असते, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावलेला असतो आणि आम्ही सतत त्याच्याकडे बघत असतो. त्या वेळी बोलता येत नाही हे वडिलांना आधीच सांगून ठेवा, काही झालं तर हात वर करायचा. नुसतं बघायचं असेल तर 15-20 मिनिटांत आटपतं, तुकडा काढायचा असेल तर थोडं जास्त.

आता हे इतकं सोपं का झालं तर ती नळी मऊ आहे, वळते म्हणून. आणि ती मऊ झाली ती डॉ. शिगेतो इकेदा या जपानी डॉक्टरांमुळे.

त्यांच्या आधी दुर्बीण नव्हती असं नाही. 1897 मध्ये जर्मनीत फ्रायबुर्गला गुस्ताव किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेलं डुकराचं हाड नळी घालून काढलं, तिथून हे सुरू झालं. पण ती नळी सरळ, ताठ, धातूची. पेशंटला उताणं झोपवायचं, मान मागे वाकवायची, तोंड आणि श्वासनलिका एका रेषेत आणायची आणि मग ती आत सरकवायची. आणि एवढं करून दिसायच्या त्या मोठ्या फांद्याच, कारण फुप्फुसाच्या नळ्या झाडासारख्या फुटत जातात आणि वरच्या भागाकडे जाणारी फांदी तर चक्क उलटी वर वळते, तिथे ताठ नळी कशी वळणार. म्हणजे कॅन्सर वरच्या कोपऱ्यात लहान असताना तो बघायलाच मिळायचा नाही. (ताठ दुर्बीण आजही आहे बरं का, लहान मुलाच्या श्वासनलिकेत शेंगदाणा नाहीतर हरभरा अडकला की पूर्ण भूल देऊन तीच वापरतात, त्या कामाला तीच चांगली.)

इकेदांचा जन्म 1925 चा. तरुणपणी त्यांना स्वतःलाच टीबीची प्लुरसी झाली होती, म्हणजे छातीच्या आवरणाचा टीबी. तेव्हाच्या जपानमध्ये टीबीने माणसं भराभर मरत होती, टीबीवरची औषधं यायची होती. त्यातून ते वाचले, टोकियोच्या केइओ विद्यापीठातून डॉक्टर झाले आणि छातीचेच सर्जन झाले. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. छातीच्या आजारात पडून राहणं काय असतं, प्रत्येक श्वासाला कसं वाटतं, हे या माणसाला पुस्तकातून वाचायची गरज नव्हती.

नंतर ते टोकियोच्या नॅशनल कॅन्सर सेंटरमध्ये आले. हे हॉस्पिटल 1962 मध्ये सुरू झालं. तेव्हा ताठ दुर्बिणीच्या टोकाला बारीक बल्ब असायचा, म्हणून आधी त्यांनी माचिदा नावाच्या कंपनीकडून काचेच्या तंतूंमधून प्रकाश आत न्यायची सोय करून घेतली. काचतंतूंमधून नुसता प्रकाश नाही तर चित्र पण नेता येतं हे 1954 मध्येच इंग्लंडमध्ये हॉपकिन्स आणि आपले पंजाबचे नरिंदर सिंग कपानी यांनी दाखवून दिलं होतं, आणि 1957 मध्ये अमेरिकेत हिर्शोविट्झ यांनी पोटात घालायची वळणारी दुर्बीण पण केली होती. मग फुप्फुसाचीच का नाही? तर अन्ननलिका ऐसपैस असते, श्वासनलिका नाही, शिवाय तिथून पेशंटला त्याच वेळी श्वास पण घ्यायचाय. म्हणून 1964 मध्ये इकेदांनी माचिदा आणि ऑलिम्पस या कंपन्यांपुढे मागणी ठेवली ती अशी की नळीची जाडी 6 मिलिमीटरपेक्षा कमी पाहिजे आणि तेवढ्यात 15,000 च्या वर तंतू बसले पाहिजेत, म्हणजे एकेक तंतू 15 मायक्रॉनपेक्षा बारीक. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा धरा, म्हणजे अंदाज येईल.

एवढे तंतू कशाला? अगरबत्त्यांची जुडी डोळ्यासमोर आणा. प्रत्येक काडी चित्राचा एकच ठिपका घेऊन येते, आणि जुडीच्या दोन्ही टोकांना काड्यांचा क्रम तोच असावा लागतो, नाहीतर चित्राचा नुसता काला. जितक्या जास्त काड्या तितकं चित्र स्पष्ट. मी कामाला लागले तेव्हा आमच्याकडे एक जुना तंतूंचा स्कोप, म्हणजे हीच दुर्बीण, होता, त्यातला एखादा तंतू तुटला की चित्रात एक काळा ठिपका कायमचा बसायचा. धुताना कोणी नळी जास्त वाकवली की ठिपके वाढायचे. आमच्या सिस्टर ते ठिपके मोजायच्या आणि आम्हाला सांगायच्या की स्कोप तान्ह्या बाळासारखा धरायचा. ती सवय मला अजून आहे.

1966 मध्ये पहिला नमुना तयार झाला आणि इकेदा तो घेऊन कोपनहेगनला गेले, छातीच्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी तो दाखवला. त्यानंतर दोनेक वर्षांत स्कोप बाजारात आला आणि जगभर पसरला. पेशंट जागा, नुसता घसा बधिर केलेला, आणि डॉक्टर वरच्या भागात वळून बघतायत, हे आधी शक्यच नव्हतं. पुढे तंतूंच्या जागी टोकाला छोटा कॅमेरा बसवून चित्र टीव्हीवर आणायच्या कामात पण ते होतेच. वडिलांच्या वेळी स्क्रीन दिसेल ना, ती त्याच कामाची पुढची पायरी. आधी एकटे डॉक्टरच भिंगाला डोळा लावून बघायचे, आता खोलीतल्या सगळ्यांना दिसतं.

1978 मध्ये त्यांनी या विषयाची पहिली जागतिक परिषद टोकियोला भरवली, मग जागतिक संघटना उभी केली. या सगळ्यात त्यांचं स्वतःचं हृदय साथ देत नव्हतं, हार्ट अटॅक येऊन गेले होते, तरी शिकवणं चालूच. हार मानायची नाही, हेच ते सगळ्यांना सांगायचे. 2001 च्या डिसेंबरमध्ये ते गेले.

तर वडिलांना सांगा, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढे तास उपाशी राहायचंच, चहासुद्धा नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आजच डॉक्टरांना सांगा. नळीतून पाणी सोडून परत ओढतात, ते टीबीच्या तपासणीला जातं, थुंकीत न सापडलेला टीबी कित्येकदा त्यात सापडतो. नंतर घशाचा बधिरपणा जाईपर्यंत, साधारण दोन तास, घोटभरही पाणी देऊ नका, ठसका लागून फुप्फुसात जाईल. तुकडा काढला असेल तर थुंकीत थोडं रक्त दिसतं, पण जास्त पडलं, दम लागला किंवा छातीत दुखलं तर न थांबता परत न्या.

आणि रिपोर्टमध्ये आरबी3, एलबी6 असं काही लिहिलेलं दिसेल. आर म्हणजे उजवं, एल म्हणजे डावं, बी म्हणजे ब्रॉन्कस, श्वासनळीची फांदी, आणि पुढचा आकडा त्या फांदीचा. दुर्बिणीतून दिसणाऱ्या बारीक बारीक फांद्यांपर्यंत ही मोजणी इकेदांनीच नेली, त्यामुळे डाग नक्की कुठल्या फांदीत आहे हे कुठल्याही गावच्या डॉक्टरला त्या दोन अक्षरांवरून आणि आकड्यावरून कळतं.