बुटक्या माणसाचा सीन करायचाय? आधी हे कर

अरे, सगळं कॉम्प्युटरवर होतं हे डोक्यातून काढ आधी. लॉर्ड ऑफ द रिंग्ज सिनेमाचं मेकिंग नीट बघ, उंच जादूगार गँडाल्फ आणि बुटका फ्रोडो टेबलाशी बसतात ना, तिथे फ्रोडो कॅमेऱ्यापासून बराच लांब बसलाय म्हणून छोटा दिसतो, टेबलाचे दोन भाग वेगवेगळ्या मापाचे, आणि कॅमेरा सरकला की सेटचा भागपण सोबत सरकतो म्हणून आपल्याला काही कळतच नाही, कसली कमाल आहे राव! फ्रोडोच्या गावाची, हॉबिटनची झाडं-भाज्या तर वर्षभर आधी लावलेली.

तू मोबाईल घे, पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जा, एकाला जवळ, दुसऱ्याला लांब उभा कर. मोबाईलमध्ये भर उजेडात दोघंही शार्प येतात. नजर मात्र सांभाळ, एकमेकांकडे बघायचं नाही, फ्रेममध्ये समोरचा जिथे दिसतोय तिथे बघायचं. तालीम याचीच जास्त घे.