बारीक झालेलं मॉडेल आणि हरवलेलं ‘नाही’

प्रश्न : बोललेलं लिहून देणाऱ्या मॉडेलमधले आकडे मी ३२ बिटांवरून ८ बिटांवर आणले. फाइल पाव झाली. चाचणीत चुकलेल्या शब्दांचं प्रमाण ११.२ टक्क्यांवरून ११.५ वर गेलं, म्हणजे फरक नगण्यच. तरी वापरणारे म्हणतात, हे आता पूर्वीसारखं ऐकत नाही. आकडा खरा मानू की माणसं?

उत्तर : माणसं. इतक्या ठामपणे सांगतेय, कारण या खड्ड्यात मी स्वतः पडून आले आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही असंच एक मॉडेल बारीक केलं. सरासरी जवळपास जागच्या जागी राहिली, सगळे खूश. मग एका सहकारिणीने जुन्या-नव्या मॉडेलचं लिखाण शेजारी शेजारी ठेवलं आणि जिथे फरक आहे तेवढ्याच ओळी काढल्या. चौथ्याच ओळीत जुनं मॉडेल लिहीत होतं, ‘मी उद्या येणार नाही’, आणि नवं, ‘मी उद्या येणार’. हेडफोन लावून ते वाक्य मी सहा वेळा ऐकलं. बोलणाऱ्या बाईंचा दम वाक्याच्या शेवटी संपत आला होता, ‘नाही’ नुसतं पुटपुटल्यासारखं. हिशेबाला ही एका शब्दाची चूक. ‘केलं’ऐवजी ‘केले’ लिहिलं तरी तीही एका शब्दाचीच. सरासरीला दोन्ही सारख्या!

कारण सापडायला दोन दिवस गेले. ८ बिटांत एकूण २५६ पायऱ्या मिळतात, म्हणजे प्रत्येक आकडा त्यांतल्या जवळच्या पायरीवर बसवावा लागतो. त्या कुठून कुठपर्यंत पसरायच्या, हे आपण मॉडेलला आधी काही नमुने ऐकवून ठरवतो. आमच्या नमुन्यांपैकी एकात कुणीतरी माइकवर टिचकी मारली होती. मॉडेलमध्ये आवाज एकामागून एक हिशेबाच्या थरांतून जातो. त्या एका ठोक्याने मधल्या एका थरातले आकडे उणे ६० ते अधिक ६० पर्यंत उडाले. एरवी त्यातले बहुतेक उणे २ ते अधिक २ च्या आत असत. २५६ पायऱ्या १२० च्या पल्ल्यावर ताणल्या की एक पायरी साधारण ०.४७ ची होते, आणि खऱ्या बोलण्याच्या वाट्याला उरतात आठ-नऊ पायऱ्या. खणखणीत आवाजाचं तेवढ्यात भागतं. दबक्या ‘नाही’चं भागत नाही.

तो नमुना काढून टाकावा, असं वाटेल. पण टिचक्या वापरणारेही मारणारच. आम्ही पल्ला ठरवताना टोकाचे मोजके आकडे सोडून दिले, वजनांना, म्हणजे मॉडेलने शिकून साठवलेल्या आकड्यांना, प्रत्येक चॅनेलमागे (थरातल्या एकेका पट्ट्यामागे) वेगळी मोजपट्टी दिली, आणि तरीही कुरकुरणारे तीन थर १६ बिटांवरच ठेवले. फाइल किंचित वाढली, ‘नाही’ परत आलं. एवढ्यानेही भागलं नाही, तर शिकवतानाच आकडे पायऱ्यांवर बसवून मॉडेलला त्याची सवय लावता येते, पण ते खर्चिक, शेवटी करा.

तुम्ही आज काय कराल? आधी फरकाच्या ओळी काढा. मग ‘नाही’, ‘नको’, संख्या, माणसांची नावं, ‘वेळ’ आणि ‘वेल’सारख्या जोड्या आणि हळू बोलणाऱ्यांची रेकॉर्डिंग यांची वेगवेगळी टक्केवारी मांडा. ११.५ चा आकडा त्यानंतर बघा.

प्रश्न : प्रूनिंग, म्हणजे छाटणी करून मॉडेलची ७० टक्के वजनं शून्य केली. अचूकता टिकली, पण वेग तसूभरही वाढला नाही.

उत्तर : वाढणारच नव्हता. शून्याने गुणायलाही नेहमीचा प्रोसेसर तेवढाच वेळ घेतो. विखुरलेली शून्यं तेव्हाच कामाची, जेव्हा हार्डवेअरला ती वगळता येतात. उदाहरणार्थ एनव्हिडियाच्या २०२० च्या अँपिअर चिपांना दर चारांत दोन शून्यं, अशी ठरावीक रचना लागते. नाहीतर अख्खे चॅनेल, अख्खे अटेन्शन हेड (आवाजाच्या तुकड्यांचा एकमेकांशी संबंध लावणारे भाग) किंवा अख्खे थर काढा. अचूकता जास्त दुखावेल, पण घड्याळात फरक दिसेल.

प्रश्न : थर काढायचे तर कुठले?

उत्तर : वेळ कुठे जातो ते आधी मोजा. २०२२ साली आलेल्या व्हिस्पर या ओपनएआयच्या बोललेलं लिहिणाऱ्या मॉडेलच्या मोठ्या आवृत्तीत ऐकणारे ३२ आणि लिहिणारे ३२ थर आहेत. ३० सेकंदांच्या तुकड्यासाठी ऐकणारा भाग एकदाच चालतो; लिहिणारा भाग शब्दाच्या प्रत्येक तुकड्यासाठी पुन्हा पुन्हा. म्हणून २०२३ च्या डिस्टिल-व्हिस्परमध्ये, म्हणजे मोठ्याकडून शिकवलेल्या धाकट्या मॉडेलमध्ये, ऐकणारे थर जसेच्या तसे ठेवले आणि लिहिणारे फक्त दोन. पॅरामीटर, म्हणजे शिकलेले आकडे, १५५ कोटींवरून सुमारे ७५ कोटींवर आले, म्हणजे निम्मे. वेग मात्र सहापट, आणि इंग्रजीत चुका एका टक्क्याच्या आतच वाढल्या, असं ते करणाऱ्यांनी नोंदवलं आहे. मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच : मोठ्या मॉडेलने लिहिलेला मजकूर त्यांनी डोळे झाकून धाकट्याला शिकवला नाही. मूळ मजकुराशी फार न जुळणारे नमुने आधी गाळले. मोठं मॉडेल कधीकधी कुणी न बोललेलं वाक्यही बिनधास्त लिहितं. धाकट्याने तेही पाठ केलं असतं.

प्रश्न : विद्यार्थी आहे, मोठं यंत्र नाही. सगळ्यात स्वस्त युक्ती कोणती?

उत्तर : फ्रेम कमी करा. आवाज साधारणपणे दर १० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला १०० फ्रेममध्ये कापतात. शेजारच्या फ्रेम बऱ्याचशा एकसारख्या असतात. सुरुवातीच्या थरांतच आठपट घट केलीत, तर पुढे सेकंदाला साडेबाराच जातात, आणि अटेन्शनचा हिशेब तर वर्गाच्या पटीत उतरतो. एक मेख आहे. तुम्ही सीटीसी, म्हणजे प्रत्येक फ्रेममागे फार तर एक चिन्ह लिहिणारी पद्धत वापरत असाल, तर फ्रेमपेक्षा जास्त चिन्हं बाहेर येऊच शकत नाहीत. ‘स्त्री’ हे एक अक्षर युनिकोडमध्ये सहा चिन्हांचं आहे : स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. भरभर बोलणाऱ्यापुढे साडेबारा फ्रेम लगेच संपतील. तेव्हा सुटी चिन्हं न वापरता अक्षरांचे किंवा शब्दांचे तुकडे घ्या, नाहीतर घट चारपटीवर थांबवा.